"आजी, याच्याबरोबर काय फ्री आहे?"

परवा नातवाला सुट्टी होती. चिरंजीव आणि सूनबाई दोघंही कामावर, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. दुपारी भाजणीचं थालीपीठ लावलं, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि हाक मारली. साहेबांनी (वय वर्षे आठ!) ताटाकडे बघितलं आणि विचारलं, "आजी, याच्याबरोबर काय फ्री आहे?"

"माझा पापा," मी म्हटलं. दोघंही हसलो. त्याने थालीपीठ खाल्लंही. पण नंतर भांडी आवरताना तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

त्याचं तरी काय चुकलं म्हणा! खाण्याबरोबर खेळणं देण्याची युक्ती त्याच्या बाबाच्या जन्माआधीची आहे. मॅकडोनाल्ड्सचं 'हॅपी मील' अमेरिकेत १९७९ साली आलं. भारतात त्यांचं पहिलं दुकान १९९६ साली उघडलं, तेव्हा आमचे चिरंजीव शाळेत होते. आता ते स्वतःच मुलाला घेऊन अशा दुकानांत जातात.

२००७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी मागे वाचला होता. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या ६३ मुलांना एकच पदार्थ दोनदा दिला. एकदा साध्या कागदात, एकदा मॅकडोनाल्ड्सच्या वेष्टनात. बहुतेक पदार्थांच्या बाबतीत मुलांना वेष्टनातलाच जास्त चविष्ट लागला. अगदी गाजरंसुद्धा, जी त्या दुकानातली नव्हतीच!

मलाही खुमखुमी आली. नातवाने बर्गरचं एक रंगीत खोकं पुसून जपून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यात गाजराचे लांब तुकडे भरून समोर ठेवले. रोज ताटाच्या कडेला सरकवली जाणारी गाजरं पाच मिनिटांत फस्त! वर म्हणतो कसा, "आजी, ही गोड आहेत. कालची नव्हती." गाजरं कालच्याच पाव किलोतली होती.

प्रयोग यशस्वी झाला. पण आनंद काही होईना. कारण मला माझा चाळीस वर्षांपूर्वीचा पाचवीचा वर्ग आठवला.

तेव्हा मी डोंबिवलीत एका मराठी शाळेत शिकवत होते. एके दिवशी खाद्यपदार्थांच्या एका कंपनीची माणसं शाळेत आली. प्रत्येक मुलाला एक पाकीट, एक स्टिकर आणि वहीत चिकटवायला कंपनीचं नाव छापलेलं वेळापत्रक. मुलांना रांगेत उभं मी केलं. "ढकलाढकली नको, सगळ्यांना मिळेल," हेही मीच म्हटलं. फुकट मिळतंय, मुलं खूश आहेत, यात वाईट काय, असंच तेव्हा वाटलं. स्टाफरूममध्ये आम्हा शिक्षकांनाही एकेक पिशवी मिळाली. ती मी घरी आणली.

पंधरा-वीस दिवसांनी एका मुलीची आई भेटायला आली. पापड लाटून घर चालवणारी बाई. दारातच उभी राहिली, आत येईना. म्हणाली, "बाई, पोरगी डब्यात भाकरी नेईना झालीय. तेच पाकीट पाहिजे म्हणते. मी नको म्हटलं तर म्हणते, आमच्या बाईंनी दिलंय, म्हणजे चांगलंच असणार. मला रोजचं नाही हो परवडत."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, हे जास्त लागलं. मी मुलीला समजावलं, भाकरीत किती ताकद असते वगैरे सांगितलं. तिने मान डोलावली. पण त्यानंतरही कितीतरी दिवस ती डबा बाकाखाली धरून खायची. जाहिरात कंपनीची होती, पण तिच्यावरचा विश्वास मी पुरवला होता. त्या माउलीची माफी मात्र मी कधी मागितली नाही.

आता नियम झाले आहेत. २०२० साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर आणि चरबीचे पदार्थ विकायला आणि त्यांची जाहिरात करायला बंदी घातली. जून २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुलांच्या कार्यक्रमांत आणि मुलांच्या वाहिन्यांवर चिप्स, शीतपेये असल्या पदार्थांच्या जाहिराती दाखवता येत नाहीत. चांगलंच आहे. पण नातू टीव्ही बघतो कुठे? त्याच्या मोबाइलवर एक हसरा मुलगा बर्गरचं खोकं उघडतो आणि "वॉव" म्हणतो. मी म्हटलं, "अरे, ही जाहिरात आहे." तर म्हणाला, "छे गं, तो माझा फेवरेट दादा आहे."

माझ्या वर्गातली ती मुलगीही वेगळं काय म्हणाली होती?

म्हणून काल रात्री त्याला खोक्याची गंमत खरी खरी सांगून टाकली. गाजरं आपल्याच फ्रिजमधली होती, हेही सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे तू पण मला फसवलंस?"

"हो," मी म्हटलं. "चुकलं माझं." चाळीस वर्षं उशिरा का होईना, तोंडातून निघालं एकदाचं.

आज दुपारी ते खोकं त्याने आपणहून माझ्यासमोर आणून ठेवलं. आत थालीपीठाचा तुकडा होता. "आता तू खाऊन सांग, वेगळं लागतं का!"

खाल्लं. तसंच लागलं. पण खरं सांगू, पहिला घास घेताना क्षणभर मलाही वाटलं होतं, वेगळं लागेल म्हणून!