बिनडोक ठिपके

रेल्वेच्या पादचारी पुलाचं मॉडेल करताना माणसातलं मी काय शिल्लक ठेवतो, तर एक वर्तुळ, चालण्याचा वेग आणि जायचं ठिकाण. नवीन मुलांना हे बोचतं. ती लगेच ठिपक्याला स्वभाव द्यायला निघतात, कुणी चिडका तर कुणी आळशी. मी म्हणतो, आधी बिनडोक ठिपका नीट चालवून दाखवा.

बिनडोक असूनही तो पुष्कळ काही करतो. डर्क हेल्बिंग आणि पीटर मोल्नार यांनी 1995 साली मांडलेल्या ‘सोशल फोर्स’ मॉडेलात प्रत्येकाला मुक्कामाची ओढ असते आणि भिंती व इतर माणसं त्याला दूर लोटतात. दोन लोंढे समोरासमोर सोडले की थोड्या वेळात आपोआप रांगा पडतात. कोडमध्ये रांगेचं नावही नसतं. 2000 साली हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की दारापाशी सगळ्यांनी घाई केली तर खोली उलट सावकाश रिकामी होते, कारण माणसांची कमान दारातच अडकून बसते.

गंमत बारीकसारीक ठिकाणी असते. दोन ठिपके अगदी नाकासमोर आले, तर दोघांचं लोटणं तंतोतंत सारखं होऊन ते जागीच थिजतात. मग प्रत्येक पावलात किंचित डगमग मिसळावी लागते. ती जास्त झाली की दारुडे, कमी झाली की पुतळे.

खरी मेहनत आकड्यांची. मूळ मॉडेलात मोकळ्या चालीचा सरासरी वेग सेकंदाला 1.34 मीटर. तो दादरच्या जिन्यावर कसा चालेल? जर्मनीत आणि भारतात माणसांना एका ओळीत चालवून केलेला एक अभ्यास 2009 साली आला: आपली माणसं कमी अंतर ठेवतात आणि दाटी वाढली तरी आपला वेग जर्मनांइतका पडत नाही. परदेशी अंतर तसंच ठेवलं तर माझे ठिपके सोवळ्यात चालतात आणि पूल उगाचच लवकर तुंबतो.

मला धास्ती वाटते ती उलट बाजूची. वेग टिकून राहिला की दाटी नजरेआड होते. चौरस मीटरला सातेक माणसं झाली की पाऊल आपलं राहत नाही; धक्का अंगाअंगातून लाटेसारखा जातो. तिथे ‘मुक्कामाची ओढ’ या नियमाला अर्थच उरत नाही. म्हणून दाटी त्या आकड्याला पोचायच्या बरीच आधी मी वेग छापणं थांबवतो आणि पुलाच्या नकाशावरची ती चौकट नुसती लाल करतो. बैठकीत विचारतात, “पूल किती मिनिटांत रिकामा होईल?” मी विचारतो, जिना किती रुंद करणार?