डॉक्टर औषध लिहीत असताना…

हातच्याचं गणित सोडवताना मध्येच हाक मारली की मूल हातचा विसरतं. दवाखान्याच्या तातडीच्या विभागात डॉक्टरांचंही असंच होतं. ऑस्ट्रेलियात संशोधकांनी अशा ३६ डॉक्टरांचं काम १२० तास जवळून पाहिलं. अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. औषध लिहिताना कुणी मध्येच बोललं किंवा दोन कामं एकदम आली, की चुका वाढत. झोप अपुरी असली तर आणखीच.

सासऱ्यांना रात्री नेलं तेव्हा आम्ही ठरवलं, बोलायचं फक्त मी. चालू गोळ्यांची यादी आधीच दिली, शंका मात्र पेन खाली ठेवल्यावरच विचारल्या. तुम्हीही असंच करा. पण पेशंटचा त्रास अचानक वाढला, तर थांबू नका, लगेच सांगा!