मुलांची स्थूलता व शाळेचें कर्तव्य

किनवटसारख्या अरण्यमय तालुक्यांत राहून मुलांच्या लठ्ठपणाविषयीं लिहावें, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. पैनगंगेच्या या खोऱ्यांत गोंड, कोलाम, आंध यांच्या पुष्कळ वस्त्यांवर पोटभर अन्नाचीच विवंचना आहे. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील मुलांपैकीं शेंकडा ३६ मुलें वजनानें उणीं आढळलीं, आणि त्याच पाहणींत वाजवीपेक्षां जड मुलांचें प्रमाण मागील पाहणीच्या शेंकडा १.९ वरून ४.१ वर गेलें. अर्थात् कृश व स्थूल हे एकाच वर्गांत शेजारीं बसणार आणि दोघांचाही विचार शाळेस करावा लागणार.

चरकसंहितेनें अतिकृश व अतिस्थूल हे दोघेही एकाच अध्यायांत वर्णिले असून, स्थूलतेच्या कारणांत अतिभोजन, व्यायामाचा अभाव व दिवसा निद्रा यांबरोबर बीजस्वभावही गणला आहे. म्हणजे देहाचा सारा दोष मुलाच्या माथीं मारतां येत नाहीं. असें असतां वर्गांत त्यास ‘ढोल्या’ म्हणून हांक मारण्याची रीत अद्याप गेलेली नाहीं. त्याहून वाईट प्रकार मैदानावर घडतो. खो-खोचा डाव सुरू झाला कीं स्थूल मुलास गुण मांडावयास बसवितात! ज्यास धांवण्याची सर्वांत अधिक गरज, तोच सावलींत बसतो. आणि पुढें पुढें आपण होऊनच बसूं लागतो. अध्यापनाच्या दीर्घ काळांत आम्हीं हें वारंवार पाहिलें आहे.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांस दररोज सरासरी ६० मिनिटें अंगमेहनत सांगते. आमच्याकडे मात्र परीक्षा जवळ आली कीं प्रथम खेळाचा तास गणितास दिला जातो. वस्तुतः लंगडी वा लगोरी यांस खर्च नाहीं. मराठवाड्याचें ऊन कडक, म्हणून तो तास सकाळीं ठेवावा इतकेंच.

अन्नाविषयीं म्हणाल, तर सरकारी व अनुदानित शाळांतील माध्यान्ह भोजनास माप आहे : प्राथमिक वर्गांस ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिनें. आमच्या घरचीं मुलें बहुधा ज्या विनाअनुदानित शाळांत जातात, तेथें डबा असतो आणि फाटकाबाहेर दुकान. चरबी, मीठ वा साखर यांचा अतिरेक असलेले पदार्थ शाळेच्या आवारांत व भोंवतालच्या ५० मीटरांत विकण्यास २०२० च्या केंद्रीय विनियमांनीं मनाई केली आहे. मुख्याध्यापकांनीं ते पन्नास मीटर एकदां स्वतः चालून पाहावेत. आणि डब्यांत तळलेल्या पदार्थांची पुडी घालून वर ‘आमचा बाळ कसा गुटगुटीत’ असें कौतुक करणाऱ्या मातापित्यांनीं शाळेकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपल्या स्वयंपाकघराकडेही पाहावें.

शाळेनें वर्षांतून दोनदां मुलांचें वजन व उंची घ्यावी, आईबापांस ती खाजगींत सांगावी, आणि खेळाच्या तासास कोणासही बसवून ठेवूं नये. मोजकें ताट व मोकळें मैदान हें औषध कृशासही मानवतें आणि स्थूलासही.