गाजर गवत आणि माझी सही

बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही, कारण लिहायचं होतं ते जरा लाजेचं होतं. आता लिहूनच टाकते.

गेल्या श्रावणात माझ्या गालांवर आणि पापण्यांवर लाल ठिपके उठले. आधी घामोळं वाटलं. "आई, पंचाहत्तरीत तारुण्यपिटिका!" म्हणून सून हसली, मीही हसले. आठ दिवसांत ठिपके एकमेकांत मिसळले, पापण्या सुजल्या, मान आणि कोपरांच्या आतल्या बाजू खाजायला लागल्या, तेव्हा हसणं बंद झालं.

मग आपला नेहमीचा उपाय, मेडिकल दुकान. एक छोटी ट्यूब मिळाली. काय सांगू, तीन दिवसांत चेहरा असा नितळ झाला की मी शेजारणीलाही तीच आणून दिली! (तिची माफी मागून झाली आहे.) महिनाभर लावली. ट्यूब संपली, दोन दिवस गेले आणि चेहरा तव्यावर धरल्यासारखा पेटला. पहिल्यापेक्षा दुप्पट लाल, वर बारीक पुटकुळ्या. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा आग. शेवटी मुलाने बारामतीतच त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी चेहऱ्याकडे बघून पहिला प्रश्न विचारला, "आजी, कुठली ट्यूब लावता?" पिशवीतून काढून दिली. बारीक अक्षरांत नाव होतं क्लोबेटासोल. हे स्टेरॉइड. बीटामेथासोन, मोमेटासोन हीसुद्धा त्याच घरातली. तात्पुरती लाली दाबतात, पण चेहऱ्याची कातडी मुळात नाजूक, ती आणखी पातळ होते, खालच्या शिरा दिसायला लागतात आणि ट्यूब थांबवली की दाबलेलं सगळं उसळून वर येतं. २०१८ पासून ही मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे म्हणे. मला कोणी चिठ्ठी विचारली नाही, आणि मीही काही विचारलं नाही.

पण ट्यूब ही नंतरची भर. मूळ दुखणं वेगळंच होतं. डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी फिरायला कुठे जाता?" म्हटलं, नीरा डाव्या कालव्याच्या कडेने. "तिथे गाजर गवत आहे?" आता बारामती-इंदापुरात गाजर गवत कुठे नाही ते सांगा! कालव्याची भर, उसाचे बांध, एस.टी. स्टँडची मागची बाजू, सगळीकडे ती कोथिंबिरीसारखी पानं आणि पांढरी बारीक फुलं. चेहरा जरा शांत झाल्यावर त्यांनी पॅच टेस्ट केली. पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या चकत्या चिकटवल्या, दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही. काढल्या तर गाजर गवताच्या जागी लालभडक गांधी.

मी म्हटलं, "पण डॉक्टर, मी तर त्याला हातही लावत नाही. आणि आम्ही पाचजणी रोज बरोबर फिरतो. बाकीच्या चौघींना कसं काही होत नाही?"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मी गप्पच झाले. कारण हेच वाक्य मी पूर्वी एकदा बोलले होते.

डॉक्टर समजावून सांगत होत्या. त्या झाडात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. वाळलेल्या झाडाचा भुगा वाऱ्यावर उडतो, म्हणून उघडा चेहरा, पापण्या, मान आधी धरतात. हात लावायची गरज नाही. सगळ्यांना होत नाही, आणि ज्याला होतं त्यालाही पहिल्या दिवशी होत नाही. वर्षानुवर्षं काही नसतं आणि मग एके दिवशी शरीर बिथरतं, ते बिथरतंच. शेवंतीही त्याच कुळातली, तीही जपून हाताळा म्हणाल्या. मी मान डोलवत होते आणि डोळ्यांपुढे आमचे शिपाईमामा उभे होते.

आमची शाळा इंदापूर तालुक्यात, तुकोबांच्या पालखीच्या वाटेवर. आषाढात वारकरी शाळेत उतरायचे, त्याआधी मैदान साफ व्हायला हवं. हे गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं. अमेरिकेच्या मिलो-गव्हाबरोबर आलं असं लोक म्हणतात. एका झाडाला हजारो बिया, मग काय विचारता! आम्ही शिक्षक व्हरांड्यातून सूचना करायचो आणि मामा उघड्या हातांनी दिवसभर उपटायचे. वर वाळलेला ढीग पेटवायचे. पावसाळाभर त्यांचा चेहरा लाल, सुजलेला, डोळे तांबारलेले. गावात बोलवा झाली की मामा पितात. मामा माळकरी होते. पण लाल डोळ्यांपुढे माळ कोण बघतो?

एकदा मामा मला म्हणाले होते, "बाई, त्या गवतानं व्हतंय." मी म्हणाले, "आम्हीही याच शाळेत आहोत मामा, आम्हाला कसं काही होत नाही?" वर्ग नववी 'ब' च्या दारात. जागासुद्धा आठवते.

१९९३ मध्ये त्यांच्याविरुद्ध अर्ज झाला, कामावर मद्यपान करून येतात म्हणून. खाली शिक्षकांच्या सह्या होत्या, तिसरी माझी. मी त्यांना कधी झिंगलेलं पाहिलं नव्हतं, तोंडाला वास आला नव्हता. सगळे करताहेत म्हणून केली. मामांची वेतनवाढ थांबली आणि लांबच्या गावी बदली झाली.

दिवाळीनंतर मी एस.टी.ने इंदापूरला गेले, तिथून रिक्षाने त्यांच्या वस्तीवर. मामा आता ऐंशीच्या पुढे. चेहऱ्याची कातडी जाड, सुरकुत्या खोल, रंग विटकरी. मला बघून आधी हसले, मग माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून म्हणाले, "बाई, तुमास्नी बी?"

मी सगळं सांगितलं. पार्थेनिन, पॅच टेस्ट, अर्ज, सही. ते ऐकत होते. घराभोवती बघितलं तर गवताची एक काडी नव्हती. फूल धरायच्या आत मुलगा हातमोजे घालून काढतो, उरलेल्यावर मिठाचं पाणी मारतो. मामा स्वतः बाहेर पडताना तोंडाला उपरणं गुंडाळतात, आल्यावर गार पाण्याने तोंड धुतात. कोणी न शिकवता माझ्या डॉक्टरांचे निम्मे उपाय त्यांना माहीत होते.

"सहीचं मला ठावं हुतं," ते म्हणाले. "तुमच्या सहीचं जास्त वाईट वाटलं, कारण तुमाला मी सांगितलं हुतं."

चहा झाला. सून समोर बसली होती, नात अभ्यास करत होती. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई, तसं लिहून देताल का? भावकीत अजून म्हणत्यात."

नातीच्या वहीचं पान घेतलं. यांचा चेहरा गाजर गवताच्या अ‍ॅलर्जीने लाल होत असे, हे दारू पीत नव्हते, १९९३ च्या अर्जावर मी खातरजमा न करता सही केली होती, असं लिहिलं. खाली सही, तारीख, हुद्दा सेवानिवृत्त शिक्षिका. मामांनी ते नातीकडून मोठ्याने वाचून घेतलं, "खातरजमा" शब्दाशी ती अडखळली तर दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग घडी करून ज्ञानेश्वरीत ठेवलं.

परतीची पाचची गाडी चुकली. साडेसहापर्यंत स्टँडवर बसून होते, तोंडाला पदर बांधून.