चार विसा आणि सतरा

सत्तेचाळिसाव्या वर्षी आपण पुण्याला जाऊन फ्रेंचमध्ये एम.ए. करणार, असे मी जाहीर केले तेव्हा 'ह्यां'नी वर्तमानपत्र खाली ठेवले. आमच्या घरी ही काही सामान्य घटना नव्हे! चिरंजीवांनी विचारले, "आई, यवतमाळात तू फ्रेंच बोलणार कुणाशी?"

प्रश्न बिनतोड होता. पण मला बोलायचे नव्हते, वाचायचे होते. गेली वीस वर्षे मी मराठीच्या वर्गावर झ्यूल ब्लॉक शिकवीत आले आहे. आपली भाषा कशी घडली याचा इतिहास या फ्रेंच पंडिताने लिहिला आणि तो १९२० साली पॅरिसला छापून निघाला. वासुदेव गोपाळ परांजप्यांनी १९४१ मध्ये तो मराठीत आणला. आम्ही शिकवतो तो हा अनुवाद. एकदा एका मुलीने विचारले, "बाई, मुळात असंच आहे का?" मी "हो" म्हणून मोकळी झाले. ते 'हो' काही मला स्वस्थ झोपू देईना.

म्हणून तीन वर्षांपूर्वी, जेवणे आटोपल्यावर, ओट्याशेजारीच पुस्तक उघडले. शब्दाच्या शेवटची अक्षरे लिहायची पण उच्चारायची नाहीत, याचे मला विशेष वाटले नाही. परांजप्यांच्या पुस्तकातले मुके अनुस्वार वाचूनच तर मी लहानाची मोठी झाले! (१९६२ च्या नियमांनी ते गेले, एवढेच.) अडले ते आकड्यांपाशी. ऐंशीला हे लोक म्हणतात 'चार विसा', आणि सत्त्याण्णवला 'चार विसा दहा सात'. मी वैतागून मोठ्याने घोकत होते. दारव्ह्याकडच्या खेड्यात आयुष्य गेलेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "यात काय नवल वं बाई? चार इसा अन् सतरा. आमी गोवऱ्या अशाच मोजो."

त्या रात्रीपासून त्या माझ्या मास्तरीणबाई. मी आकडा फ्रेंचमध्ये म्हणे, मराठीत फोड करी. त्या हुंकार देत.

खालच्या परीक्षा झाल्या. आता एम.ए. म्हणजे रानडे इन्स्टिट्यूट, दोन वर्षे पुणे, बिनपगारी रजा. 'हे' म्हणाले, "जेवणाचं मी बघतो." (ह्यांना चहाखेरीज काही येत नाही.) माझा जीव अडकला होता तो खाटेपाशी. दोन वर्षे म्हणजे त्या वयात किती, हा हिशेब कुणीच मोठ्याने करीत नव्हते.

तो त्यांनीच केला. "किती वर्सं?"

"दोन."

त्या जरा थांबल्या. "मी त चार इसाच्या वर गेली. लवकर जाय, लवकर ये."

दुसऱ्या दिवशी अर्ज भरला. वयाच्या रकान्यापाशी आले तेव्हा खाटेवरून प्रश्न आला, "तुले किती झाले वं?"

"दोन विसा अन् सात," मी म्हटले.