पांढऱ्या टेबलक्लॉथचा हट्ट

घरातल्या थोरल्या बाईचे हट्ट वरवर पाहता क्षुल्लक असतात. मीठ ताटात डावीकडेच वाढायचं, ओल्या हातानं लोणच्याच्या बरणीला शिवायचं नाही, दारात आलेल्याला आधी पाणी विचारायचं. ती असते तोवर घरातले या हट्टांना हसतात. ती गेल्यावर हळूहळू उमगतं, की घर त्यांच्यावरच उभं होतं. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये लीया चेस नावाच्या बाईंनी असाच एक हट्ट धरला होता. आपल्या हॉटेलातल्या टेबलांवर पांढरंशुभ्र कापड अंथरलेलं असलंच पाहिजे, एवढाच.

मी त्यांना मनातल्या मनात लीयाबाई म्हणते. मुलाखतींत त्या बोलायला लागल्या, की नातवंडांना दटावत दटावत जेवू घालणारी बाई समोर बसली आहे असं वाटतं. मग 'श्रीमती चेस' म्हणायला जीभ वळत नाही.

त्यांचा जन्म 6 जानेवारी 1923 चा. बालपण गेलं पोंचर्ट्रेन सरोवरापलीकडच्या मॅडिसनव्हिल या छोट्या गावात. घर क्रिओल म्हणजे मिश्र वंशाचं, कॅथलिक आणि लेकुरवाळं. वडील जहाजबांधणीच्या कामावर. काळ्या कॅथलिक मुलींसाठी गावात हायस्कूल नव्हतं, म्हणून पोरीला न्यू ऑर्लिन्सला नातेवाइकांकडे धाडलं. शिक्षण संपल्यावर तिनं फ्रेंच क्वार्टर या जुन्या वस्तीतल्या एका हॉटेलात वाढपी म्हणून नोकरी धरली. हॉटेल आतून कसं असतं हे तिनं तिथं पाहिलं. टेबलावर कापड, काटे-चमचे ठरलेल्या जागी, गिऱ्हाइकाशी अदबीनं बोलणं. ते सगळं ती वाढू शकत होती. तिथल्या खुर्चीवर बसून जेवू मात्र शकत नव्हती.

1946 मध्ये एडगर 'डूकी' चेस या ट्रम्पेटवादक बँडवाल्याशी तिचं लग्न झालं. ट्रेमे या काळ्या वस्तीत सासू-सासऱ्यांचं छोटं दुकान होतं. तिथं सँडविच मिळत, लॉटरीची तिकिटं मिळत आणि शुक्रवारी पगाराचे चेकही वटवून मिळत. कष्टकऱ्यांची ती बँकच म्हणायची. अशा चालत्या दुकानात नवी सून आली आणि म्हणू लागली, की गोऱ्यांच्या हॉटेलात असतं तसं आपल्या माणसांना का मिळू नये?

सुरुवात फसली. सूनबाईंनी फ्रेंच क्वार्टरमधलं पाहून लॉब्स्टर थर्मिडॉर हे फ्रेंच पक्वान्न मांडलं. गिऱ्हाइकांना ते काही रुचेना. तेव्हा लीयाबाईंनी बेत बदलला आणि मांडणी तशीच ठेवली. ताटात घरचंच क्रिओल जेवण आलं: गंबो, तळलेलं चिकन, कोळंबी, राजम्यासारखे लाल घेवडे आणि भात. कापड मात्र पांढरंच राहिलं. दिवसभर शहरात 'मागच्या दारानं ये' ऐकणारा माणूस संध्याकाळी पुढच्या दारानं आत येई आणि इस्त्रीच्या कापडापुढे बसे. आज आपल्याला ही सजावट वाटेल. त्या माणसाला ती काय वाटत असेल, याचा अंदाज करायला पंक्तिभेद ठाऊक असलेल्या आपल्या समाजाला फार कष्ट पडू नयेत.

त्या काळात लुइझियानात काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलाशी जेवणं बेकायदेशीर होतं. डूकी चेस नावाच्या या हॉटेलाच्या माडीवर मात्र ते सर्रास घडे. नागरी हक्कांच्या चळवळीतली काळी-गोरी मंडळी तिथं जमत, जेवत, पुढचे बेत आखत. चळवळीचे वकील थर्गुड मार्शल तिथं जेवले, मार्टिन ल्यूथर किंग आले. 1961 मध्ये बसमधला वर्णभेद मोडायला निघालेले फ्रीडम रायडर्स याच स्वयंपाकघरातलं अन्न खाऊन गेले. खाली एवढी गर्दी आणि वस्तीत हॉटेलाचा असा मान, की पोलीस धाड घालायला धजावले नाहीत. एकदा कुणीतरी हॉटेलावर बाँब फेकला, तरी हॉटेल चालूच राहिलं. एकत्र जेवण्याच्या हक्कावर कायद्याची मोहोर उठली 1964 मध्ये. माडीवरची पंगत त्याच्या कितीतरी आधी बसली होती. गंबोच्या वाटीवर आम्ही देशाची दिशा बदलली, असं लीयाबाई पुढे सांगत. बढाई म्हणून सोडून द्यावं, तर त्यात फारसं खोटं काढता येत नाही.

हा गंबो म्हणजे दाट कालवण. त्याचा एक प्रकार लीयाबाई वर्षातून एकदाच करत, गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी. त्याचं नाव गंबो झेर्ब. आपल्या ऋषीच्या भाजीसारखा यातही पाल्यांचा मेळा असतो: मोहरीचा पाला, सलगमचा, बिटाचा, गाजराचा, पालक, कोबी. पाले विषम संख्येतच हवेत. जितके पाले तितके नवे मित्र वर्षभरात जोडले जातात अशी समजूत. ते निवडायचे, धुवायचे. त्यांच्यातली वाळू जाईपर्यंत पाणी बदलत राहायचं. मग उकडून बारीक करायचे आणि परतलेल्या पिठाच्या जोडीनं मोठ्या पातेल्यात शिजवायचे. ऋषीच्या भाजीशी साम्य इथं संपतं. कारण पुढे त्यात सॉसेज, हॅम, चिकन, गोमांस असं सगळं पडतं. दुसऱ्या दिवशी मांस वर्ज्य, म्हणून आदल्या दिवशी पोटभर. या गुरुवारी शहर त्यांच्या दारी लोटत असे. नव्वदी ओलांडल्यावरही त्या स्वयंपाकघरात होत्या; फक्त उभ्याऐवजी खुर्चीत बसून काम करत.

टेबलांवरच्या कापडासारखंच हॉटेलाच्या भिंतींचंही. काळ्या माणसांना ज्या काळात शहराच्या कलासंग्रहालयात मोकळेपणी जाता येत नव्हतं, त्या काळात वाढलेल्या लीयाबाईंनी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा संग्रहालय पाहिलं. पुढे त्याच्या विश्वस्त मंडळावर बसल्या. दरम्यान हॉटेलाच्या भिंती आफ्रिकी-अमेरिकी चित्रकारांच्या कामानं भरून गेल्या. जेकब लॉरेन्स, एलिझाबेथ कॅटलेट अशी त्यांतली नावं. लाल घेवडे खायला आलेला माणूस चित्रं बघून जाई, तेही बिनतिकीट.

2005 मध्ये कॅटरिना हे चक्रीवादळ आलं आणि हॉटेलात पाणी शिरलं. चित्रं नातवानं आधीच सुरक्षित जागी हलवली होती. वयस्कर जोडपं समोरच सरकारी ट्रेलरमध्ये राहू लागलं. शहरातल्या इतर हॉटेलवाल्यांनी जेवणाचा कार्यक्रम करून त्यांच्यासाठी पैसे उभे केले. धंद्यातल्या माणसानं धंद्यातल्या माणसासाठी असं करावं, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मिळणं कठीण. 2007 मध्ये दार पुन्हा उघडलं.

पुढे मानसन्मान येत गेले. 2009 च्या 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' या डिस्नेपटातली, स्वतःचं हॉटेल काढायची जिद्द धरलेली टियाना त्यांच्यावरून सुचली. 2016 मध्ये पाकक्षेत्रातला जेम्स बिअर्ड जीवनगौरव मिळाला आणि त्याच वर्षी सत्तर वर्षांच्या संसाराचे जोडीदार डूकी गेले. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र दालनात लीयाबाईंचं चित्र आहे, तेही भोपळा चिरतानाचं. तू मला हॅली बेरी या नटीसारखी रंगवू शकला असतास, पण मला माझ्यासारखीच रंगवलीस, असं त्या चित्रकाराला म्हणाल्या होत्या. 1 जून 2019 ला शहाण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. हॉटेल आज घरचीच माणसं चालवतात. पॅरिसमध्ये पाककला शिकून आलेला नातू त्यांच्यात आहे.

त्यांच्याबद्दलचा एक किस्सा मला सगळ्यांत आवडतो. 2008 मध्ये निवडणुकीच्या धामधुमीत बराक ओबामा जेवायला आले. गंबो पुढ्यात आला आणि त्यांनी चव घेण्याआधीच त्यात हॉट सॉस ओतलं. लीयाबाईंनी त्यांना तिथल्या तिथे झापलं. माझ्या गंबोत असलं काही घालायचं नाही! देशाचा पहिला काळा राष्ट्राध्यक्ष होऊ घातलेला माणूस निमूट ऐकून घेत होता. ज्या शहरानं तरुणपणी लीयाबाईंना फक्त वाढायला आत घेतलं, त्याच शहरात आपल्या टेबलाशी कुणी कसं जेवायचं हे सांगायचा हक्क त्यांनी कमावला होता. आणि तो वापरताना त्यांनी समोरच्याचं पद कधी पाहिलं नाही.