येळवशीची पंगत

लातूरकडे नाताळ आणि येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला रानात होणारा सण, मागेपुढेच येतात. चर्चवर कागदी चांदणी लागते, तेव्हा रानात ज्वारी कमरेला आलेली असते आणि नांदेड-लातूर रस्त्यावर, लोह्याच्या पुढे, माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरायला लागलेली असते. 2019 साली तर ही अमावस्या 26 डिसेंबरला आली, नाताळच्या दुसऱ्याच दिवशी! येळवशीला लातूरचा बाजार सामसूम असतो. ज्याचं शेत आहे तो शेतात, आणि ज्याचं नाही तो दुसऱ्याच्या शेतात. आम्ही सेवक मंडळी या दुसऱ्या गटातली.

इकडे ख्रिस्ताची सेवा करणाऱ्याचा दिवस दिसायला अगदी साधा असतो. पहाटे पवित्र शास्त्र आणि प्रार्थना. मग घरभेटी. कुणाचं पोर दवाखान्यात, कुणाचा नवरा पुण्याला कामाला गेला तो फोनच उचलत नाही, कुणाच्या म्हातारीला फक्त कुणीतरी शेजारी बसायला हवं असतं. सोयाबीनची काढणी सुरू झाली की दिवसा घरी माणूस सापडत नाही. मग प्रार्थनासभा रात्री, जेवणं उरकल्यावर. ढोलकी, टाळ, पेटी आणि ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं. अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताचं नाव गायला मराठी माणसाला त्यांनी शिकवलं. ती चाल ऐकून शेजारच्या माळकऱ्याचीही बोटं मांडीवर ताल धरतात.

मला विचाराल तर या कामात प्रवचन सगळ्यांत सोपं. अवघड असतं ते जेवण.

लूकच्या शुभवर्तमानात येशू सत्तर जणांना पुढे पाठवतो. थैली नको, झोळी नको, वहाणासुद्धा नकोत. ज्या घरात जाल तिथेच राहा आणि पुढ्यात येईल ते खा. तरुणपणी मला यात फक्त त्याग दिसायचा. मराठवाड्यात राहिल्यावर त्यातली मेख कळली. रिकाम्या हातांनी पाठवलेल्या माणसाला दुसऱ्याच्या दारात पाहुणा होण्यावाचून गत्यंतरच उरत नाही. उपकार करायला निघालेल्याला आधी उपकार घ्यावे लागतात, आणि अहंकाराला याहून जालीम औषध नाही.

येळवशीला ते औषध पोटभर मिळतं. चाकूरकडच्या एका मामांनी रानात बोलावलं होतं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव. मामी डोक्यावर आंबिलीचं बिंदगं घेऊन आल्या. पूजा झाली, पिकात आंबील शिंपून झाली. मी बांधावर उभा. पूजेत मी नसतो हे मामांना ठाऊक होतं. पण जेवणाचं काय? मी विचारात पडलेला पाहून तेच म्हणाले, "पास्टर, पूजा आमची. जेवण समद्यांचं. बसा."

बसलो. पत्रावळीवर तुरीच्या आणि वालाच्या ओल्या दाण्यांची, पालेभाज्या घालून घोटलेली भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी, खीर. शिवाय आंबील. ज्वारीच्या पिठाची, ताकातली, रात्रभर मुरलेली. तिचा आंबूस, लसणाचा वास अजून नाकात आहे. मी डोळे मिटून देवाचे आभार मानले, तेवढा वेळ मामांनी लेकरांनाही घास घेऊ दिला नाही.

हा पेच जुनाच आहे. मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न खावं की नाही, म्हणून करिंथची मंडळी भांडत होती. पौलाने त्यांना दुसऱ्याच्या मनाचा विचार करायला सांगितलं. ज्ञानापेक्षा प्रीती मोठी धरली. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीही हा पेच भोगला. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि दोघं दुरावली. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या, तरी त्यांचा स्वयंपाक आणि पाणी वेगळंच होतं. ती भिंत आधी त्यांच्या मनात पडली. बाप्तिस्मा मागून, 1900 मध्ये, झाला. इकडे टिळक 1917 मध्ये मिशनची बांधलेली नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा बंधुसंघ मांडायला निघाले. एकीनं सोवळं सोडलं, दुसऱ्यानं पगार. मला ही दोन्ही एकाच वाटेवरची पावलं वाटतात.

नांदेडला गेलो की मी हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जेवतो. डोकं झाकायचं, जमिनीवर बसायचं, पोळी दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायची. वाढणारा जात विचारत नाही, धर्म विचारत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर मोडताना माझ्या मनात ती ओंजळ असते. माझी श्रद्धा त्यामुळे पातळ झाली नाही. उलट, ज्या प्रभूने जकातदारांच्या पंगतीला बसून लोकांची बोलणी खाल्ली, तो मला अधिक ओळखीचा झाला.

सेवेला निघालेल्या पोरापोरींना म्हणूनच एवढंच सांगतो. पत्रकं कमी न्या, भूक घेऊन जा. ज्याच्या घरी तुम्ही पाणीही प्यायला नाहीत, त्याला देवाबद्दल काही सांगायला जाऊ नका.